राउटरवर ‘टनेल अप’ दिसतंय, म्हणजे माहिती सुरक्षित आहे का?

११ मे २०२३. डेन्मार्कमधल्या ऊर्जा क्षेत्रातल्या १६ कंपन्यांवर एकाच वेळी सायबर हल्ला झाला. त्यांपैकी ११ कंपन्यांच्या फायरवॉलचा ताबा हल्लेखोरांना लगेच मिळाला. महिना संपेपर्यंत हल्ला झालेल्या कंपन्यांची संख्या २२ वर गेली. डेन्मार्कच्या महत्त्वाच्या पायाभूत सेवांवर झालेला हा तोवरचा सर्वांत मोठा सायबर हल्ला होता, असं सेक्टरसर्ट या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं.

पहिल्या लाटेत कुणाला फसवी लिंक पाठवली गेली नव्हती. कुणाचा पासवर्डही चोरीला गेला नव्हता. झायक्सेल कंपनीच्या फायरवॉलवर बाहेरून डेटाचा एक खास बनवलेला तुकडा, म्हणजे एक ‘पॅकेट’, पाठवलं गेलं. तेही यूडीपी पोर्ट ५०० या एका ठरावीक दरवाजावर. तेवढ्यावर त्या उपकरणाने आपली सगळी सेटिंग्ज आणि वापरकर्त्यांची नावं हल्लेखोरांच्या हाती दिली.

हा पोर्ट ५०० कशासाठी असतो? दोन कार्यालयांमधली माहिती गुप्त ठेवणाऱ्या ‘आयपीसेक’ या यंत्रणेची बोलणी त्या दरवाजावर होतात. म्हणजे सुरक्षेसाठी जो दरवाजा उघडा ठेवला होता, त्यातूनच चोर आत आला.

आयपीसेकचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. तरी तुमची बँक, तुमचं ऑफिस, एखाद्या हॉस्पिटलची दुसरी शाखा आणि बहुधा तुमचा मोबाइलसुद्धा ते वापरतो. ते राउटरवर कसं लावलंय, यावर बरंच काही ठरतं.

आयपीसेक म्हणजे नेमकं काय?

समजा एखाद्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि शाखा साताऱ्यात. शाखेतल्या संगणकाला मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरशी बोलायचं आहे. स्वतंत्र लीज लाइन घ्यायची तर खर्च मोठा. म्हणून साधं इंटरनेट वापरलं जातं आणि दोन्हीकडच्या राउटरमध्ये आयपीसेकचं ‘टनेल’ बांधलं जातं.

टनेल म्हणजे खरा बोगदा नाही. साताऱ्याचा राउटर प्रत्येक पॅकेट कुलूपबंद करतो, त्याला नवं पाकीट चढवतो आणि पुण्याच्या राउटरच्या पत्त्यावर पाठवतो. वाटेत कुणी ते पाहिलं तर त्याला फक्त दोन राउटरचे पत्ते दिसतात. आतला मजकूर दिसत नाही. त्यात मध्येच बदल केला तर पुण्याच्या राउटरला तो कळतो आणि ते पॅकेट फेकून दिलं जातं.

‘व्हीपीएन’ म्हटलं की अनेकांना दुसऱ्या देशातल्या वेब सिरीज दाखवणारं मोबाइलवरचं अ‍ॅप आठवतं. तेही व्हीपीएनच, पण इथे विषय दोन कार्यालयं कायमची जोडणाऱ्या व्हीपीएनचा आहे. ते राउटरमध्ये राहतं आणि कर्मचाऱ्यांना दिसतही नाही. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं चालतं. आपल्या गोष्टीतली अडचण याच गुणात आहे.

या यंत्रणेची पहिली मानकं १९९५ मध्ये आली आणि तिचा गाभा आजही भक्कम मानला जातो. नीट लावलेलं आयपीसेक गणिताने फोडल्याचं उदाहरण समोर आलेलं नाही. मग बातम्या कशाच्या येतात? ‘नीट लावलेलं’ या दोन शब्दांच्या.

दोन राउटर आपसात काय ठरवतात?

टनेल सुरू होण्याआधी दोन्ही राउटर एकमेकांशी बोलणी करतात. या बोलण्यांच्या पद्धतीला ‘आयकेई’ म्हणतात. कोणतं कुलूप वापरायचं, बदल ओळखण्यासाठी कोणता हिशेब करायचा, गुप्त किल्ली कशी तयार करायची, ती किती वेळाने बदलायची आणि समोरचा खरा आहे हे कसं ओळखायचं, एवढं सगळं त्यात ठरतं.

एक राउटर आपल्याकडच्या पर्यायांची यादी पुढे करतो. दुसरा त्यातला आपल्याला चालेल असा पर्याय निवडतो. यादीत आजचं मजबूत कुलूप असू शकतं आणि २५ वर्षांपूर्वीचं गंजलेलंही. साताऱ्याच्या जुन्या राउटरला फक्त गंजलेलंच येत असेल, तर पुण्याचा नवा, महागडा राउटर त्यालाही ‘चालेल’ म्हणतो. तो पर्याय यादीतून कुणी काढलेला नसतो ना.

यानंतर स्क्रीनवर काय दिसतं? दोन्ही बाबतींत एकच: ‘टनेल अप’. हिरवा दिवा. कुलूप मजबूत असो वा तकलादू, एंट्री तशाच होतात, छपाई तशीच होते, फोन तसेच चालतात. कमकुवत सेटिंगची तक्रार कुणी वापरकर्ता कधीच करत नाही, कारण त्याला काहीच जाणवत नाही. नेटवर्कमधला बाकीचा बिघाड ओरडून सांगतो. हा बिघाड गप्प बसतो.

जुन्या सेटिंग्जमध्ये एवढं वाईट काय आहे?

किल्ली तयार करण्याची रीत हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. दोन राउटर ‘डिफी-हेलमन’ नावाच्या पद्धतीने एक गुप्त संख्या तयार करतात. ती संख्या तारेवरून कधीच जात नाही, तरी दोघांकडे सारखीच तयार होते. त्यासाठी एक प्रचंड मोठी मूळ संख्या लागते. ही मूळ संख्या प्रत्येक राउटर स्वतः शोधत नाही, मानकांमध्ये आधीच ठरवून दिलेली वापरतो. अशा ठरवून दिलेल्या संचांना ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुप २ मध्ये ही संख्या १०२४ बिटची आहे.

२०१५ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या संशोधकांच्या गटाने ‘लॉगजॅम’ या नावाने ओळखलं जाणारं संशोधन मांडलं. त्यांचा मुद्दा असा होता: एकच मूळ संख्या लाखो यंत्रं वापरत असतील, तर हल्लेखोराने त्या एका संख्येवर एकदाच अवाढव्य गणित करून ठेवावं. पुढे प्रत्येक टनेल उघडायला फार कष्ट पडत नाहीत. १०२४ बिटसाठी हे गणित एखाद्या बलाढ्य देशाच्या आवाक्यात आहे, असा त्यांचा अंदाज होता. अशा एका संख्येचं गणित कुणी पुरं केलं, तर त्यांनी तपासलेल्या व्हीपीएन सर्व्हरपैकी ६६ टक्क्यांवरचा मजकूर नुसतं ऐकत बसून वाचता आला असता.

साताऱ्याच्या पतसंस्थेवर कुठला बलाढ्य देश कशाला नजर ठेवेल, असं कुणी म्हणेल. तो प्रश्न रास्त आहे. पण लहान संस्थांचा धोका वेगळ्या ठिकाणी असतो. तो धोका साध्या पासवर्डचा आहे.

समोरचा राउटर खरा आहे हे ओळखायला दोन्हीकडे आधीच एक सामायिक गुप्त शब्द भरून ठेवतात. त्याला ‘प्री-शेअर्ड की’ म्हणतात. शाखेत साधं ब्रॉडबँड असेल तर तिचा इंटरनेटवरचा पत्ता बदलत राहतो. आयकेईच्या पहिल्या आवृत्तीत नेहमीच्या, सुरक्षित रीतीने असा गुप्त शब्द वापरायचा तर समोरच्याचा पत्ता आधी माहीत लागतो. पत्ता बदलता असेल तर ते जमत नाही. मग बसवणारा माणूस ‘अ‍ॅग्रेसिव्ह मोड’ निवडतो. टनेल लगेच चालू होतं. सगळे खूश.

फक्त या मोडमध्ये मुख्य कार्यालयाचा राउटर, समोरच्याची ओळख पटण्याआधीच, त्या गुप्त शब्दावरून काढलेला एक हिशेब उघड पाठवून देतो. टनेलचं नाव बरोबर ओळखणारा कुणीही तो मागून घेऊ शकतो. मग तो आपल्या घरी बसून, दर सेकंदाला लाखो शब्द ताडून पाहतो. राउटरवर चुकीच्या पासवर्डची एकही नोंद होत नाही. गुप्त शब्द ३० अक्षरांचा, अर्थ नसलेला असेल तर तो ताडत बसेल. संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल असेल तर चहा थंड होण्याआधी काम होतं.

आयकेईची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये आली. बदलत्या पत्त्याची अडचण तिने सोडवली आणि कुणीही यावं, हिशेब मागून न्यावा हा प्रकार बंद केला. पहिली आवृत्ती तर एप्रिल २०२३ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने अधिकृतपणे कालबाह्य ठरवली. तरीही ती अनेक राउटरमध्ये आहे, कारण मानक कालबाह्य झालं म्हणून कुणाचं टनेल आपोआप बंद पडत नाही.

बाकी डीईएस, थ्रीडीईएस, एमडी५ ही नावं सेटिंगच्या यादीत दिसली तर फार विचार करायची गरज नाही. डीईएस तर १९९८ मध्येच एका खास बनवलेल्या यंत्राने तीन दिवसांच्या आत फोडलं होतं. थ्रीडीईएसचा नव्या माहितीसाठीचा वापर अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०२३ च्या अखेरीपासून बंद ठरवला. एईएस निवडा आणि पुढे जा.

मग लोक सेटिंग बदलत का नाहीत?

याचं उत्तर डेन्मार्कच्या अहवालात जितकं स्पष्ट सापडतं, तितकं क्वचितच कुठे सापडतं.

झायक्सेलने त्या दोषाची दुरुस्ती हल्ल्याच्या सुमारे दोन आठवडे आधीच दिली होती. सेक्टरसर्टने आपल्या सदस्य कंपन्यांना सावधही केलं होतं. तरी ती बसवली गेली नाही. का, तर काहींना वाटलं की आपली फायरवॉल नवीनच आहे, म्हणजे तिच्यात ताजंच सॉफ्टवेअर असणार. काहींची समजूत होती की अपडेट करणं ही पुरवठादाराची जबाबदारी आहे. सॉफ्टवेअर फुकट होतं, पण ते बसवून द्यायचे पैसे पुरवठादार मागत होता, म्हणून काहींनी जाणूनबुजून टाळलं. आणि काहींना आपल्याकडे हे उपकरण आहे हेच माहीत नव्हतं. दुसऱ्याच कामासाठी आलेल्या पुरवठादाराने ते न सांगता बसवलं होतं.

आपल्याकडे ज्याने कुणी लहान संस्थेत एएमसीवर काम केलंय, त्याला यातलं एकही कारण परकं वाटणार नाही.

आयपीसेकमध्ये यात आणखी एक गाठ आहे. सेटिंग दोन्ही टोकांना जुळावी लागते. पुण्यात ग्रुप २ काढून ग्रुप २० लावला आणि साताऱ्यात तसंच केलं नाही, तर टनेल पडतं. शाखेचा राउटर त्याच टनेलमधून दुरून चालवला जात असेल, तर आता त्याच्यापर्यंत पोचायची वाटही बंद. मग शनिवारी रात्री एस्टी पकडून जा. दुसरं टोक वेगळ्याच कंपनीच्या हातात असेल, म्हणजे समजा एखाद्या बँकेच्या किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या, तर बदलासाठी पत्रव्यवहार, परवानगी, दोघांना सोयीची वेळ. अशा वेळी ‘चालतंय ना? मग हात लावू नका’ हा सल्ला आळशीपणातून येत नाही, भीतीतून येतो. आणि ती भीती खोटी नाही.

तरी यावर उपाय आहे. दोन्ही टोकांना आधी नवा पर्याय जोडायचा, टनेल त्यावर नव्याने बांधलं गेल्याचं पाहायचं आणि मगच जुना पर्याय काढायचा. पहिली पायरी बरेच जण करतात. शेवटची राहून जाते. जुना पर्याय यादीत तसाच राहतो.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने जुलै २०२० मध्ये आयपीसेकबद्दल एक छोटा सल्ला काढला होता. दुसऱ्यांचे फोन ऐकण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेने टनेल कसं पक्कं करावं ते सांगावं, यात थोडी गंमत आहेच. सल्ला मात्र नेमका होता. तयार डीफॉल्ट सेटिंग्ज आणि ‘विझार्ड’ वापरू नका, कारण ते सोयीसाठी ढीगभर पर्याय चालू ठेवतात. नको असलेले पर्याय काढून टाका. आणि टनेलचा दरवाजा फक्त समोरच्या राउटरच्या पत्त्यासाठी उघडा ठेवा. म्हणजे यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५०० आणि आयपीसेकचा स्वतःचा ईएसपी प्रोटोकॉल यांना बाकी सगळ्या जगातून मनाई.

डेन्मार्कमधला हल्ला पोर्ट ५०० वर आलेल्या अनोळखी पॅकेटमुळे झाला, हे इथे पुन्हा आठवून पाहा. असा नियम लावलेल्या फायरवॉलवर ते पॅकेट बहुधा दारातच अडलं असतं, दुरुस्ती बसवली नसती तरी. शाखेचा पत्ता बदलता असेल तर हा नियम तसाच्या तसा लावता येत नाही. शाखेसाठी स्थिर पत्ता घ्यायचा खर्च आणि हा धोका, यांची तुलना संस्थेने करायला हवी. माझ्या मते बहुतेक ठिकाणी स्थिर पत्ता स्वस्त पडतो.

सॉल्ट टायफूनचा याच्याशी काय संबंध?

२०२४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या मोठ्या टेलिकॉम कंपन्यांमध्ये चीनशी जोडलेला ‘सॉल्ट टायफून’ नावाचा गट घुसल्याच्या बातम्या आल्या. चीनने आरोप नाकारले. त्यानंतर ३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडच्या संस्थांनी टेलिकॉम कंपन्यांसाठी एकत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्हीपीएनच्या सेटिंग्ज आकड्यांसकट दिल्या आहेत. किल्ली तयार करायला ग्रुप १५, १६ किंवा २०. एन्क्रिप्शनला एईएस-२५६. हॅशसाठी एसएचए-३८४ किंवा एसएचए-५१२. घरच्या किंवा लहान ऑफिसच्या राउटरवर यातलं काय उपलब्ध आहे, ते मॉडेलवर अवलंबून. पण तुलनेसाठी ही चांगली पट्टी आहे.

खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुढच्या वर्षी आली. २७ ऑगस्ट २०२५ रोजी १३ देशांच्या संस्थांनी एक संयुक्त इशारा दिला. भारत त्यात नव्हता. हे हल्लेखोर मोठ्या राउटरमध्ये शिरल्यावर काय करतात, याचं त्यात तपशीलवार वर्णन आहे. शिरण्यासाठी ते बहुतेक वेळा आधीच माहीत असलेले, दुरुस्ती उपलब्ध असलेले दोष वापरतात. आणि आत गेल्यावर ते राउटरवर स्वतःची टनेल बांधतात. जीआरई प्रकारची, तर कधी आयपीसेकचीसुद्धा. त्या नेटवर्कमध्ये जशी टनेल आधीपासून असतील तशीच, म्हणजे कुणाला संशय येऊ नये.

म्हणजे तुमच्या राउटरवर सात टनेल असावीत आणि आठ दिसत असतील, तर आठवं कुणाचं? ते ‘अप’ असेल. त्यातली माहिती उत्तम कुलपात बंद असेल. फक्त ती तुम्हालाही वाचता येणार नाही.

टनेलचं कुलूप वाटेवरच्या चोरासाठी असतं. दोन्ही टोकांना माहिती उघडीच असते. राउटरच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर एईएस-२५६ काही करू शकत नाही. याचं सगळ्यात धक्कादायक उदाहरण १७ डिसेंबर २०१५ रोजी समोर आलं. ज्युनिपर या कंपनीने जाहीर केलं की आपल्या नेटस्क्रीन फायरवॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये परवानगीशिवाय घातलेला कोड सापडला आहे. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, कुठल्याही खात्यात शिरू देणारा पासवर्ड. तो प्रोग्रॅमरच्या तपासणीच्या ओळीसारखा दिसेल असा बेतलेला होता. दुसरी गोष्ट अधिक बेमालूम होती. व्हीपीएनसाठी यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या भागातली एक स्थिर संख्या बदलली होती. ती बदलणाऱ्याला त्या फायरवॉलवरून जाणारा व्हीपीएनचा मजकूर ऐकून उलगडता येत होता. हा बदल २०१२ पासूनच्या काही आवृत्त्यांमध्ये होता. त्या सगळ्या काळात ग्राहकांना सेटिंग बरोबर दिसत होती. टनेल अप होतं.

सेटिंग हे सगळं नाही, हे यातून उघड आहे. पण सेटिंग, अपडेट आणि ‘आत काय चाललंय ते पाहणं’ ही तीन कामं एकाच माणसाच्या नावावर नसतील, तर एकही नीट होत नाही.

तुमच्या मोबाइलमध्ये आयपीसेक कुठे आहे?

आतापर्यंतचं सगळं ऑफिसांबद्दल वाटलं असेल. पण भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. घरात रेंज नसताना वाय-फायवरून साधा फोन लागतो, ती सोय. त्यासाठी तुमचा फोन मोबाइल कंपनीच्या एका गेटवेशी आयपीसेकचं टनेल बांधतो. तशीच बोलणी, तसेच ग्रुप, तशीच पर्यायांची यादी.

२०२४ मध्ये ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या संशोधकांनी जगभरच्या वाय-फाय कॉलिंगच्या या बोलण्यांचा अभ्यास युझनिक्स परिषदेत मांडला. त्यांना आढळलं की १३ मोबाइल कंपन्यांचे गेटवे किल्ली तयार करताना दर वेळी नवी गुप्त संख्या काढतच नव्हते. सगळ्यांकडे त्याच दहा गुप्त संख्या होत्या आणि त्यांतलीच एक दर वेळी वापरली जायची. ही उपकरणं झेडटीई कंपनीची होती. या १३ कंपन्यांचे मिळून सुमारे १४ कोटी ग्राहक होते. त्या दहा संख्या ज्याच्या हाती असतील, त्याला त्या ग्राहकांचं टनेल उघडता आलं असतं.

संशोधकांनी प्रसिद्धीआधी मोबाइल उद्योगाच्या जीएसएमए या संघटनेला आणि निर्मात्यांना कळवलं. हे बाहेरच्या माणसांनी शोधलं, तेही बोलण्यांची नोंद करून आणि संख्या पडताळून. ग्राहकांचे फोन स्वच्छ लागत होते.

तुमच्या फोनमध्ये हे तपासायचं बटण नाही. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करत राहणं, एवढंच तुमच्या हातात आहे. बाकीचं काम मोबाइल कंपनीचं.

भारतातले नियम काय सांगतात?

सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले, तेव्हा सोशल मीडियावर चर्चा झाली ती व्हीपीएन अ‍ॅपवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायच्या अटीची. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ती अट लागू नाही, असं नंतरच्या खुलाशात सांगितलं गेलं. त्यामुळे अनेक संस्थांनी हा आपला विषयच नाही असं मानलं.

पण त्याच निर्देशांतल्या इतर अटी संस्थांनाही लागू आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायच्या. घड्याळं सरकारी वेळेच्या सर्व्हरशी जुळवून ठेवायची.

हा घड्याळाचा मुद्दा कागदी वाटतो, पण दोन राउटरच्या नोंदी समोरासमोर ठेवून ‘आठवं टनेल कधी आलं’ हे शोधायचं असेल तर तो किती महत्त्वाचा आहे ते कळतं. लॉगची गोष्ट तर आणखी बिकट. अनेक लहान राउटर नोंदी फक्त तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, नोंदी गायब. त्या वेगळ्या संगणकावर पाठवायची सेटिंग बहुतेक राउटरमध्ये असते. टनेल बांधणाऱ्याने ती लावलेली असतेच असं नाही, कारण त्याला टनेल चालू करायचे पैसे मिळालेले असतात.

तुम्ही तांत्रिक नसाल, पण एखाद्या संस्थेच्या संचालक मंडळावर, शाळेच्या व्यवस्थापनात किंवा स्वतःच्या लहान उद्योगात असाल, तर राउटर बघणाऱ्याला थोडेच प्रश्न विचारा. आपली टनेल किती आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या टोकाला कोण? आयकेईची कोणती आवृत्ती आणि कोणता ग्रुप आत्ता प्रत्यक्ष वापरात आहे? कागदावर काय लिहिलंय ते नको, चालू टनेलच्या माहितीतलं दाखव म्हणा. राउटर प्रत्यक्ष काय वापरतोय, हे दाखवणारी कमांड किंवा पान जवळपास सगळ्या राउटरमध्ये असतं. गुप्त शब्द शेवटचा कधी बदलला, आणि तो माहीत असलेले किती जण नोकरी सोडून गेले? या राउटरला निर्माता अजून अपडेट देतो का? ‘चालतंय साहेब’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

क्वांटमची घाई आत्ता कशाला?

आजचं कुलूपबंद बोलणं साठवून ठेवायचं आणि पुढे कधी क्वांटम संगणक तयार झाला की उघडायचं, हा डाव गुप्तचर संस्था खेळू शकतात, असं सुरक्षातज्ज्ञ गृहीत धरतात. ग्रुप १५, १६, २० हे सगळे अशा संगणकासमोर टिकणार नाहीत. पगारपत्रकाला याने फारसा फरक पडत नाही. रुग्णांच्या नोंदी, जमिनीचे आणि वारसाचे कागद, संरक्षण खात्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याची रेखाचित्रं, यांना पडतो.

अमेरिकेच्या एनआयएसटीने १३ ऑगस्ट २०२४ रोजी किल्ली तयार करण्याची क्वांटमला तोंड देणारी पद्धत मानक म्हणून जाहीर केली. जुनी आणि नवी पद्धत एकाच बोलण्यात एकत्र वापरायची सोय आयईटीएफने मे २०२३ मध्येच आयकेईमध्ये केली होती. त्याआधी, २०२० मध्ये, एक स्वस्तातला मार्गही मानकात आला होता: दोन्ही टोकांना एक लांबलचक जास्तीची गुप्त किल्ली हाताने भरून ठेवायची आणि ती नेहमीच्या किल्लीत मिसळायची. तुमच्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये यातलं काय आलंय, ते निर्मात्याच्या रिलीज नोट्समध्ये सापडतं. आयकेईच्या पहिल्या आवृत्तीवर अडकलेल्या टनेलला यातलं काहीच मिळणार नाही, कारण हे सगळे बदल फक्त दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेले आहेत.